गुड, व्हेरी गुड

फोन आला तेव्हा मी परदेशी, लोअर हट शहरात, दादाच्या स्वयंपाकघरात मुगाचं कढण ढवळत होते. दुसऱ्या ऑपरेशनमधून तो शुद्धीवर आला की हेच द्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. फोनवर ऋचा होती. “आत्या...” एवढंच म्हणाली. मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. मी गॅस बंद केला.

ऋचा दादाच्या पापाकुरा या इथल्याच दुसऱ्या गावातल्या मित्राची मुलगी. इथल्या हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर म्हणून लागली आणि वहिनी गेल्यापासून एकट्या पडलेल्या दादाकडे दर रविवारी जेवायला येऊ लागली. तिचा आवाज अगदी बारीक. “डॉक्टरीणबाई, एवढं हळू बोललात तर वरण हवंय की ताक, मला कळायचं कसं?” दादा चिडवायचा. “वॉर्डात तरी जरा जोरात बोला. इथे तर साहेबालाही नावाने हाक मारतात.”

“नावाने हाक मारणं ईझी आहे, काका. यू आर राँग म्हणणं नाही.”

आतड्याच्या पहिल्या ऑपरेशननंतर सकाळच्या राउंडला मी खाटेपाशी होते. ऋचाने सगळ्यांदेखत मोठ्या सर्जनना सांगितलं, की नाडी फार जलद आहे, पोट कडक झालंय, आतला जोड गळत असावा, स्कॅन करूया. तिचे कान लाल झाले होते. सर्जन दादाकडे वळले. “हाऊ आर वी, मेट?”

दादाने गाऊन सारखा केला, उशीवरून थोडा उठला. “गुड, डॉक्टर. व्हेरी गुड.”

“देअर यू गो,” सर्जन ऋचाकडे बघून हसले, आणि सगळे पुढच्या खाटेकडे गेले.

ती परत आली. “काका, व्हाय? मघाशी तर कळवळत होतात!”

“अगं, एवढा मोठा माणूस स्वतः विचारायला आला. त्याच्यापुढे रडगाणं गायचं का?”

आमच्या घरात असंच होतं. डॉक्टर यायचे म्हटलं की वडील तापातही धुतलेला सदरा चढवून बसायचे... ऋचा पुन्हा सर्जनमागे धावली. काचेतून दिसलं, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालू लागले. दुपारी दादा बरळू लागला, तेव्हा कुठे धावपळ झाली. पोट पुन्हा उघडलं तोवर विष अंगभर भिनलं होतं. दादा शुद्धीवर आलाच नाही.

पुढे हॉस्पिटलने बैठक घेतली, माफीही मागितली. पेशंटनेही बरं वाटतंय असंच सांगितलं होतं, हे तेवढं आवर्जून म्हणाले. खोटं नव्हतं ते. ऋचा भिंतीकडे बघत होती. तिने आधीच सांगितलं होतं, हे कुणी उच्चारलं नाही. आता राउंडला ती काहीच बोलत नाही म्हणे.

दादाचं घर मी अजून आवरलेलं नाही. गेल्या रविवारी ती आली, दादाच्या खुर्चीसमोरच्या तिच्या नेहमीच्या जागी बसली. भात नुसता चिवडत राहिली. “कशी आहेस गं?” मी विचारलं.

ती ताठ झाली, ओढणी सारखी केली. “गुड, आत्या. व्हेरी गुड.”

मी वरणाची पळी खाली ठेवली आणि पुन्हा विचारलं. दादाला पुन्हा विचारायला तो मोठा माणूस थांबला नव्हता.