प्रस्थानाची पिशवी

समुद्रावर जायचं ठरलं ते माझ्या हट्टापायी. मुलगी सव्वादोन वर्षांची झाली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. आमचं घर बंगळुरातल्या राजाजीनगरात आणि माझं ऑफिस पार देवनहळ्ळीच्या बाजूला. सकाळी ती डोळे चोळत उठते तेव्हा माझा एक पाय उंबऱ्याबाहेर असतो, आणि संध्याकाळी ट्रॅफिकमधून सुटून मी घरी पोचते तोवर ती अज्जीच्या कुशीत गाढ झोपलेली असते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा झोपायची वेळ झाली की ती माझ्या मांडीवरून उतरून निमूटपणे अज्जीच्या खोलीकडे चालू लागते. मला एकदा तरी तिला माझ्याजवळ झोपवायचं होतं. थोडे दिवस फक्त आम्ही तिघं, मध्ये कोणी नाही. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते. त्याला म्हटलं, जरा हवापालट.

अज्जी म्हणजे माझ्या सासूबाई. घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांचे धाकटे दीर-नणंदा म्हणायचे, ते ऐकून त्यांच्या मुलानेही तेच उचललं, आणि लग्न होऊन आल्यावर मीही. हे मराठी घराणं इतक्या पिढ्या बंगळुरात आहे की मूळ गाव कोणतं ते आता कोणालाच धड सांगता येत नाही. मी निपाणीकडची. मराठी आणि कानडी दोन्ही मला बोलता येतात, तरी अक्का माझ्या मराठीला हसतात आणि मी त्यांच्या. तेवढ्यावर आमचं छान चालतं.

तर हवापालटाची तयारी सुरू झाली. माझा नवरा कुठलंही काम लढाईसारखं अंगावर घेतो. कुठल्या किनाऱ्यावर लाटा लहान, कुठे खडक नाहीत, खोलीत पाणी तापवायची सोय आहे का, पोरीची नाचणीची पेज कुठे शिजवायची, यावर त्याने इतका अभ्यास केला की तेवढा त्याने कॉलेजात केला असता तर बापाचा मार वाचला असता. मग त्याने हवा भरायची एक पिवळी ट्यूब आणली आणि पोरीला सवय व्हावी म्हणून हॉलमध्येच फुगवली. पोरगी तिच्यात जाऊन बसली ती उठेचना. जेवणही तिथेच. एकदा गच्चीवरची टाकी भरून पाणी वाहू लागलं, तर ती टाळ्या पिटत ओरडली, ‘समुद्र आला, समुद्र आला!’ नवऱ्याला वाटलं आपली शिकवणी कामी आली. मला म्हणाला, ‘बघ, हिला कन्सेप्ट कळला.’

शेवटी कुमट्याजवळचं एक लहानसं गाव ठरलं. यशवंतपूरहून सकाळी गाडी, घाटातून जाणारी, म्हणजे पोरीला खिडकीतून बोगदे मोजता येतील. तिला मोजता येत नाही, पण ते असो.

या घरात पहिल्या ‘नको’ला काही किंमत नसते. कोणी काही विचारलं की आधी नको म्हणायचं, मग समोरच्याने आग्रह करायचा, मग पुन्हा नको, आणि मग ‘सरी, बरं, एवढं म्हणतोस तर’. नवऱ्याने त्या रीतीने अक्कांना समुद्रावर चला म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ‘मला नको रे ती वाळू. कुठे कुठे शिरते, महिनाभर निघत नाही.’ मीही विचारलं. पण मनापासून केलेला आग्रह आणि वरवरचा, यांतला फरक अक्कांना भाजीतल्या मिठाइतका लगेच कळतो. त्या माझ्याकडे बघून नुसत्या ‘नको गं’ म्हणाल्या, आणि मला हायसं वाटलं.

सगळं ठरल्यावर अक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून विचारलं, ‘शुक्रवारी निघताय? आणि जाताय पश्चिमेला?’

शुक्रवारी पश्चिमेला प्रवास करू नये, असं या घरात मानतात. नवऱ्याने लांब सुट्टी जोडून तिकिटं काढलेली; दुसऱ्या कुठल्या दिवशी जागा नव्हती. तो डोकं धरून बसला. अक्का मात्र अगदी शांत. ‘अय्यो, त्यात काय एवढं? प्रस्थान ठेवू की,’ त्या म्हणाल्या.

आमच्या माहेरी असलं काही नव्हतं, म्हणून मला सगळं समजावून घ्यावं लागलं. निघायचा दिवस वाईट असला, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाला जाणाऱ्यांचं काहीतरी सामान, थोड्या अक्षता आणि सुपारी असं बांधून, ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या दुसऱ्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला, आपण फक्त मागून निघतो. जाताना ते सामान वाटेत उचलायचं. अट एकच. एकदा बाहेर ठेवलेलं प्रस्थान निघायच्या आधी घरात परत आणायचं नाही. आणलं की मोडलं.

‘म्हणजे देवाच्या डोळ्यात धूळ फेकायची,’ मी म्हटलं.

‘देवाला कळतं गं सगळं,’ अक्का म्हणाल्या, ‘तो कानाडोळा करतो.’

आदल्या दिवशी, गुरुवारी मी बांधाबांध करायला रजा घेतली होती. नवरा कामावर गेला. सकाळीच अक्कांनी एका कापडी पिशवीत माझी ओढणी, नवऱ्याचा शर्ट, पोरीचं काहीबाही घातलं, वर अक्षता टाकल्या, आणि पोरीला कडेवर घेऊन गल्लीच्या पश्चिम टोकाच्या घरी पिशवी ठेवून आल्या. तिथल्या कानडी बाई त्यांच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी म्हणे पिशवी देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिली. मी इकडे औषधं, टोप्या, सुकं खाणं असं भरत होते आणि मनातल्या मनात किनाऱ्यावरच्या त्या खोलीत पोरगी माझ्या शेजारी झोपलेली बघत होते.

दुपारी जेवणं झाली. पोरीचे डोळे जड झाले, आणि ती ‘मऊ’ शोधू लागली.

मऊ म्हणजे अक्कांच्या जुन्या इरकल साडीचा तुकडा. धुऊन धुऊन त्याचा रंगही कळेनासा झालेला. तो गालाशी धरल्याशिवाय आणि शेजारी अज्जी असल्याशिवाय ही पोरगी आजवर कधी झोपलेली नाही. मी गादीखाली पाहिलं, दोरीवर पाहिलं, बांधलेल्या बॅगा उसकटल्या. मग माझ्या लक्षात आलं.

‘अक्का, पिशवीत तिचं काय घातलंत तुम्ही?’

‘मऊ घातलंय,’ अक्का म्हणाल्या.

एव्हाना पोरीने भोकाड पसरलं होतं. मी चपला पायात सरकवल्या. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘ते आणायचं नाही.’

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी त्यांना उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. ‘तुमच्या शास्त्रापायी पोर रडून रडून निळी पडायची वेळ आली, अक्का! तुम्हाला माहीत होतं ना, की तिला त्याच्याशिवाय झोप येत नाही? मग नेमकं तेच कसं घातलंत?’

‘माहीत होतं म्हणूनच घातलं,’ त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. ‘शास्त्र राहू दे बाजूला. तिथं समुद्रावर मी असणार नाही. पहिल्यांदा परक्या खोलीत तू झोपवायला घेशील, ती माझ्यासाठी रडेल, तू घाबरशील, हा फोन करेल, आणि तुमचं सगळं वाया जाईल. त्यापेक्षा आज रडू दे. आपल्या घरात रडू दे. स्वल्प रडेल, मग झोपेल. आज तूच झोपव तिला.’

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी चपला काढल्या. त्यांनी त्यांच्या घातल्या. ‘मी दिसले तर ती तुझ्याकडे यायची नाही,’ असं म्हणून त्या बाहेर पडल्या आणि दार ओढून घेतलं.

पुढचं सगळं सांगण्यासारखं नाही. पोरगी दाराशी जाऊन ‘अज्जी, अज्जी’ करत दारावर थापा मारत राहिली. मी उचललं तर मला लाथा. माझे केस ओढले. मला गाणं येत नाही; एकदोन ओळी म्हटल्या तर ती आणखी चिडली, त्यात तिची काही चूक नाही. मग मी पुढचे दिवस कसे जाणार ते तिला सांगू लागले. गाडी येणार, बोगद्यात अंधार होणार, पिवळी ट्यूब पाण्यात जाणार, खेकडा वाळूत भोक पाडून घरात जाणार. ‘खेकडा झोपतो?’ तिने हुंदक्यातून विचारलं. झोपतो की, मी म्हटलं. ‘अज्जीजवळ?’ मी तिचे डोळे पुसले. मग मी म्हटलं, खेकड्याच्या अम्माजवळ. ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर पुन्हा रडली, पण आता माझ्या खांद्यात तोंड खुपसून. हळूहळू हाका थांबल्या. तिची मूठ माझ्या कुर्त्याच्या गळ्याशी अडकलेली, तशीच सैल पडली. पोरगी झोपली. माझ्या अंगावर झोपली. मी हलायला इतकी घाबरले की माझा हात बधिर होईपर्यंत तशीच बसून राहिले.

मला किती आनंद झाला ते सांगायला नको. रडूही आलं. तिला गादीवर ठेवून, दोन्ही बाजूंना उशा लावून मी अक्कांना बोलवायला निघाले. वाटलं, मैत्रिणीकडे गप्पा मारत बसल्या असतील, त्यांना जाऊन सांगावं की बघा, जमलं.

दार उघडलं तर त्या समोरच जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. कुठे गेल्याच नव्हत्या.

‘झोपली?’ त्यांनी हळू आवाजात विचारलं.

‘झोपली.’

‘मला ऐकू येत होतं सगळं.’ त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘हाका मारायची थांबली ना, तेव्हा बरं वाटलं मला. वाईटही वाटलं. खोटं कशाला बोलू?’

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मग म्हटलं, ‘अक्का, तुम्ही चला ना आमच्याबरोबर.’ या वेळी वरवरचं नव्हतं. आणखी एकदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांचा हात धरून म्हटलं. तिकिटाचं बघू, जागेचं बघू, वाळूचंही बघू.

‘वाळूचं कोणाला काय पडलंय गं,’ अक्का म्हणाल्या. ‘मला काय समुद्र बघायला आवडत नाही? पण मी आले तर ती तुझ्याकडे झोपेल का? सांग तूच.’

खालच्या रस्त्यावर नारळवाला ओरडत गेला. अक्का आत झोपलेल्या पोरीचा कानोसा घेत होत्या, मीही घेत होते.

मग त्यांचं लक्ष माझ्या खांद्याकडे गेलं. पोरीच्या रडण्याने आणि लाळेने कुर्ता तिथे चिंब झाला होता. अक्कांनी त्या ओल्या जागेवर हात ठेवला.

‘बदल जा हा,’ त्या म्हणाल्या. ‘गार लागेल.’

पण हात त्यांनी काढला नाही, आणि मीही उठले नाही.