अवेळी आलेला तुरा

सतरावं सरत आलं तरी माझ्या ओठावर साधी लव नव्हती. आवाज तर असा, की मी न्हाणीत गाणं म्हणायला लागलो की शेजारची म्हातारी आईला विचारायची, "कोण पावनी पोरगी आलीया गं?" आई हसायची आणि मी पाणी अंगावर न घेता तसाच बाहेर यायचो.

बहात्तरचा दुष्काळ सरून विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं. कडेगावजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असायचा. आबा, म्हणजे माझे वडील, हवालदार होऊन परतले होते आणि ऊस लावत होते. आता पाळी माझी होती. आबांच्या मनात दुसरा विचारच नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हता. अडचण एवढीच, की मी वाढेना. भरतीच्या मापाला चांगली चार बोटं कमी पडत होतो.

आबा मला सांगलीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मला तपासलं, मनगटाचा एक्सरे काढला आणि तो खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "काही बिघडलेलं नाही. शरीर उशिरा जागं होतंय, इतकंच. हाडांची टोकं अजून उघडी आहेत, म्हणजे उंची शिल्लक आहे." मग त्यांनी टेस्टोस्टेरॉनची सुई सुरू केली. महिन्याला एक, तीही लहान. तीन झाल्या की थांबायचं, पुन्हा एक्सरे काढायचा आणि मगच पुढचं ठरवायचं. औषध तेलातलं होतं. डॉक्टर काचेची कुपी आधी तळहातात धरून गरम करायचे आणि मग खुब्यात खोल सुई घालायचे. पुढचे दोन दिवस मी एकाच कुशीवर झोपायचो.

दुसऱ्या सुईनंतर माझा आवाज फुटला, तोंडभर पुटकुळ्या आल्या. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून मी ताट सरकवलं, तर आबा रागवायचे सोडून खूश झाले. "आता कसं! रगत तापलं पोराचं," असं गावभर सांगत सुटले.

इथेच घोटाळा झाला. आबांचं सगळं शहाणपण उसातलं. भरणीच्या वेळी, म्हणजे उसाला माती चढवताना, खत दाबून घातल्याशिवाय कांडी लांब सुटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग लहान सुईने इतकं, तर मोठ्या सुईने किती? कडेगावच्या बाजारात एक कंपौंडर स्वतःच दवाखाना मांडून बसला होता. आबांनी त्याला सांगलीहून मागून आणलेली रिकामी कुपी दाखवली. त्याने तसल्याच, पण मोठ्या माणसाच्या डोसाच्या कुप्या आणल्या. मग दर बाजाराला भाजी, तंबाखू आणि माझी सुई. मीही मोठ्या हौसेने चड्डी खाली करायचो. सांगलीची फेरी बंदच पडली.

पावसाळाभर मी सपाट्याने वाढलो. विजारी आखूड झाल्या, मिसरूड फुटलं, म्हातारीने मला आबा समजून डोक्यावर पदर घेतला. आबांना आकाश ठेंगणं झालं. पण दिवाळीनंतर दारावरची माझ्या उंचीची रेघ काही केल्या वर सरकेना. तेव्हा आम्ही पुन्हा सांगली गाठली.

डॉक्टरांनी नवा एक्सरे काढून जुन्याशेजारी उजेडात धरला. "याला आणखी कुणी सुया दिल्या?" आबांनी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "अहो, याच औषधाने उंची वाढते आणि हेच जास्त झालं की हाडांची टोकं मिटतात. म्हणून तर मी जपून देत होतो. तुम्ही ऊस लावता ना? तुरा आला की ऊस वाढतो का हो?"

 तुरा आलेला ऊस काय असतो, हे आबांना कुणी सांगायला नको होतं.

"थोडं शिल्लक आहे, तेवढं मिळेल," डॉक्टर मवाळ होत म्हणाले. "आता एकही सुई नाही."

त्यानंतर आबांनी मला ज्या मायेने वागवलं, ते आठवलं की अजून हसू येतं. सकाळ-संध्याकाळ दूध. डोक्यावर वैरणीचा भारा घ्यायला बंदी, न जाणो मी दबलो तर! रोज कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळायचं आणि आबांनी खाली उभं राहून "शाब्बास, गड्या, आनी थोडं" म्हणायचं.

साताऱ्याच्या मैदानावर भरतीच्या दिवशी मी पळालो, दोरावर चढलो, छाती फुगवली. मग मापाच्या फळीखाली उभा राहिलो. सुभेदार म्हणाला, "आधा इंच कम. बाहर."

साहेबाच्या शब्दापुढे बोलायचं नाही, हे मला आबांनीच शिकवलं होतं. तेच आबा मैदानाभोवतीचा दोर ओलांडून आत आले, टाचा जुळवल्या, कडक सलाम ठोकला आणि चार गावच्या लोकांसमोर म्हणाले, "साब, लडके का कसूर नहीं. दवा मैंने जादा दिया. सजा मेरे को दो, लडके को ले लो."

सुभेदाराला कसली दवा ते कळलं नाही. पण त्याने आबांचा हात धरून त्यांना हळूच बाहेर आणलं.

फौज हुकल्याचं मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आबांचा राग आला नाही. एवढा जीव लावणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं?

स्टँडवर एसटीची वाट बघताना आबा खाली मान घालून म्हणाले, "लेका, तुजी उंची म्या खाल्ली रं."

"आवं आबा," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खांद्यावर हात टाकला. तो सहज पोचला.