ओ देऊ नका

आम्ही हाक मारली आणि काठावरची भाताची झोडणी थांबली. म्हणजे ऐकू गेलं होतं. तरी कोणी ओ दिली नाही. घाईघाईने लांब जाणारी पावलं ऐकू आली आणि मग काहीच नाही.

होडी डोंबिवलीच्या काठाजवळ गाळात रुतली होती. सकाळ झाली होती, पण धुक्यात दुसऱ्या टोकाला बसलेला नाखवा नुसता सावलीसारखा दिसत होता. ओहोटीने पाणी खालून निघून गेलं होतं. भरती यायला दुपार होणार. उतरायची सोय नव्हती. नाखव्याने वल्हं खुपसून दाखवलं, ते मुठीपर्यंत आत गेलं.

माझी दोन वर्षांची मुलगी मांडीवर होती. घसा सुजलेला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. वैद्याने सांगितलं होतं, घटसर्प आहे, आजच्या आज ठाण्याच्या इस्पितळात न्या. तेव्हा आमच्या गावाहून ठाण्याला जायचं तर होडीने खाडी ओलांडायची, डोंबिवली स्टेशनापर्यंत चालायचं आणि गाडी धरायची. पूल नव्हता. सोबत सासू होती. होडीत आणखी कोणी नव्हतं.

काठावरच्यांनी ओ का दिली नाही ते मला माहीत होतं. खाडीवरून धुक्यात एकच हाक आली तर आमच्याकडे कोणी ओ देत नसे. ओ दिली की हाक मारणारं आपल्याला घेऊन जातं म्हणत. आम्हीही तसंच वागत आलो होतो. त्या दिवशी हाक मारणारे आम्ही होतो.

नाखवा परत ओरडला. मी मुलीला थोपटत होते.

"रडू देऊ नको तिला," सासू म्हणाली. "खाडीत पोर रडलेलं ऐकलं तर गाव सोडून जातील ते."

रडायचं बळ तिच्यात नव्हतंच.

तेवढ्यात मागून हाक आली. मागे गाळ आणि पाणी, दुसरं काही नाही. बाईचा आवाज होता. "ओऽ", एवढंच.

"ओ देऊ नका," नाखवा हळूच म्हणाला.

"नाखवा, दुसरी होडी रुतली असेल," मी म्हणाले.

"असंल तर परत हाक मारंल."

आम्ही थांबलो. परत हाक आली नाही. पुढे मी दोन्ही काठांवर विचारलं. त्या सकाळी दुसरी होडी सुटलीच नव्हती.

मुलीचे ओठ निळे पडायला लागले. मी सासूला दाखवले. ती होडीत उभी राहिली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली. आमची ही तिसरी हाक. बऱ्याच वेळाने काठावरून एका बाईचा भेदरलेला आवाज आला.

"कोन हाय?"

"तुझी सासू!" माझी सासू खेकसली.

"खाडीत काय करतेस गो?"

"अगं, भूत असते तर गाळावरून चालत आले नसते? तुला कशाला विनवत बसले असते? पेंढा टाका मेल्यांनो, पोर मरतंय इथं!"

काठावर एक पुरुष हसला. "शिव्या देते म्हणजे माणूसच हाय," तो म्हणाला.

मग पेंढ्याचे भारे येऊन पडू लागले. टाकणारा दिसत नव्हता. धुक्यातून भारा यायचा, गाळावर धप्पकन पडायचा, मग त्याच्या पुढे दुसरा. भाऱ्यांवर फळ्या सरकवल्या गेल्या. शेवटी फळीवर एक माणूस आला आणि त्याने मुलीला घ्यायला हात पुढे केले. मी तिला देणार तर सासूने माझं मनगट धरलं आणि वाकून आधी त्याचे पाय पाहिले. सुलटे होते.

"दे," ती म्हणाली.

स्टेशनापर्यंत आम्ही पळतच गेलो. गाडीत समोरच्या बाईने मुलीचा श्वास ऐकला आणि आपलं मूल घेऊन ती दुसरीकडे जाऊन बसली. ठाण्याला उतरून टांगा केला. इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली. मला बाहेर उभं केलं होतं. नळीतून वारा जायला लागला तो आवाज मला दाराबाहेर ऐकू आला.

मुलगी जगली. बाजूच्या खाटेवर तिच्याच वयाचा मुलगा होता, तोच आजार. तो त्या संध्याकाळी गेला.