ढगळ सूट

कॅप्टन असताना माझी पोस्टिंग बंगळूरच्या लष्करी लॅबमध्ये झाली. काम एकच: आग विझवणाऱ्या जवानांचे सूट पास किंवा फेल करणे. सकाळी पीटी, नऊला लॅब. कापड आधी अनेकदा धुवायचं, मग ज्योतीवर धरायचं. शिलाईचा धागासुद्धा भट्टीत घालून बघायचा. वितळला की सूट फेल. शेवटी पुतळ्याला पूर्ण सूट चढवून चारी बाजूंनी जाळ. त्या पुतळ्याला आम्ही 'जावईबापू' म्हणायचो. सारखे नवे कपडे, काम शून्य.

मीही तेव्हा बघण्यासारखी होते. युनिटच्या टेलरकडून युनिफॉर्म इतका फिट करून घेतलेला, की जीपमध्ये चढताना ड्रायव्हर बिचारा आकाशाकडे बघायचा. श्वास परेड संपल्यावर घ्यायचा.

शेजारच्या डेपोच्या फायर सेक्शनचे हवालदार पाटील बेळगावकडचे. नवे सूट वाटले त्या दिवशी म्हणाले, "मॅडम, हे पोतं घालून इन्स्पेक्शनला उभारायचं होय?"

"ढगळच हवं. आत हवा राहते. आगीत तीच वाचवते."

"सरी, बरं. मग तुमच्या युनिफॉर्मातली हवा कुठं गेली म्हणायची?"

सगळा सेक्शन हसला. मीही हसले, पोट आत ओढून.

इन्स्पेक्शन झालं. त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, डेपोच्या गोडाऊनला आग लागली. मी कंट्रोल रूममध्ये पोचले तेव्हा वायरलेस सेटवर पाटलांचा आवाज होता.

"कंट्रोल, स्टोअरमन सापडला. बाहेर आणतोय. ओव्हर."

स्टोअरमन चालत बाहेर आला. पाटील स्ट्रेचरवर. हॉस्पिटलमधून ते परतले नाहीत.

त्यांचा सूट तपासणीसाठी माझ्याच टेबलावर आला. कापड शाबूत. कारखान्याची शिलाई शाबूत. कमरेला आणि दंडांवर मात्र जादा कापड कापून नव्याने शिवलेलं, साध्या धाग्याने. तो धागा वितळून शिवण उघडी पडली होती. उरलेले टाके मी ओळखले. तसेच माझ्या कमरेला होते.

मी टेलरला बोलावलं. तो खाली बघत म्हणाला, "इन्स्पेक्शन होतं ना. पाटीलसाहेब बोलले, मॅडमसारखं फिट कर."

त्या दिवसापासून जवानांच्या लेक्चरमध्ये जावईबापूंशेजारी तो सूट टांगलेला असायचा. लेक्चर मी द्यायचे, सैल युनिफॉर्म घालून.

आता बंगळूरच्याच जयनगरला ब्लाउज शिवायला टाकते, तेव्हा तिथला टेलर विचारतो, "अक्का, स्वल्प फिटिंग घेऊ?"

"नको. ढगळच असू दे."

"आई, पोत्यासारखं दिसतं हो," सून कुजबुजते.

दिसू दे. पाटीलही पोतंच म्हणाले होते.