हिराताईचं इंजिन

गॅरेजात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. ऑइलच्या डागासारखे ते अंगाला लागतातच! मी तळोज्याच्या कंपनीतून टर्नर म्हणून रिटायर झालो आणि वेळ जावा म्हणून रोडपालीला इस्माईलचाचांच्या गॅरेजात जाऊन बसू लागलो. तेव्हापासून बरेच जमलेत. पण हिराताईच्या इंजिनाचा किस्सा वेगळाच.

हिराताई खाडीकाठच्या गावातली कोळीण. चार वर्षांपूर्वी नवरा गेला आणि होडीचं डिझेल इंजिन अंगणात पडून राहिलं. ती दुसऱ्याच्या होडीतून जायची आणि अर्धी मासळी त्यालाच द्यायची. नवीन इंजिन परवडणारं नव्हतं.

"चाचा, हाय त्यातच जीव घाला," ती म्हणाली. "नवीन काय आनू नका!"

*

इंजिन आणायला टेम्पो घेऊन गेलो, तर हिराताई आडवी!

"हात नका लावू. आत कोंबडी बसलीय."

इंजिनावरचं गोणपाट उचलून पाहिलं. फ्लायव्हीलचं चाक आणि भिंत यांच्या मधे कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि आमच्याकडे रागाने बघत होती.

चाचा म्हणाले, "अहो ताई, टेम्पोवाला खोळंबलाय!"

"इंजान चार वर्सं थांबलं, आनखी आठ दिस थांबंल. अंडी नाय थांबायची!"

टेम्पो रिकामा परत आला. दहाव्या दिवशी फोन आला, "नऊ पिल्लं झाली. या आता!"

*

पिस्टन गंजून जाम. मी मोठा हातोडा उचलला, तर चाचांनी माझं मनगट धरलं.

"अरे भाई, दरवाजा तोडायचा नाही. रुसलेल्याला मनवायचंय!"

रोज सकाळी ते पिस्टनवर रॉकेल ओतायचे आणि लाकडाच्या ठोकळ्याने हळूच टकटक करायचे. नवव्या दिवशी पिस्टन बोटभर सरकला. चाचांनी गल्लीभर चहा पाजला!

हिराताईला सांगितलं, तर ती हसत सुटली. "आमचे हे पन असेच. आठ-आठ दिस बोलायचे नाय. मंग एकदम इचारायचे, च्या हाय का?"

हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. आम्ही दोघं उगाच पाने-पक्कड शोधू लागलो.

*

पिस्टनच्या रिंगा मिळेनात. कळंबोलीच्या एका दुकानदाराने जुनी रिंग उलटसुलट करून पाहिली.

"चाचा, हे मॉडेल आता म्युझियममध्येच मिळेल!"

चाचा शांतपणे म्हणाले, "पत्ता दे. तिथे घासाघीस चालते का?"

शेवटी भंगारात दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाच्या रिंगा सापडल्या. त्या थोड्या मोठ्या होत्या. मी तीन दिवस कानशीने घासून त्या बसवल्या.

*

इंजिनाच्या हेडखाली तांब्याची पॅकिंग असते. ती लालभडक तापवून पाण्यात टाकली की मऊ होते आणि पुन्हा वापरता येते. गॅरेजातला गॅस संपला होता, म्हणून आम्ही हिराताईच्या चुलीवर गेलो.

"झाली लाल," मी म्हणालो.

"अजून नाही," चाचा.

"झाली!"

"भाई, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं?"

हिराताईने आमच्या हातातला चिमटा ओढला. "सरका! दोन बाप्ये नि एक चूल!" तिने फुंकणी मारली, पॅकिंग फिरवली, थांबली आणि बरोबर वेळ साधून पाण्यात टाकली. चर्रर्र!

चाचांनी नखाने दाबून पाहिली. लोण्यासारखी मऊ!

"पस्तीस वर्षं," ते पुटपुटले, "मी चुकीचा लाल बघत होतो!"

*

इंजिन होडीत बसवलं आणि ट्रायलच्या सकाळी धक्क्यावर निम्मं गाव जमलं. चाचांनी हँडल मारलं. धूर निघाला, आवाज नाही. मी मारलं. तरीही नाही. हिराताईने पदर खोचला, हँडल धरलं आणि दोन दणक्यांत इंजिन सुरू! टुक-टुक-टुक-टुक!

आम्ही टाळ्या वाजवेपर्यंत ती एकटी खाडीत निघूनही गेली. होडी लहान लहान होत गेली. आणि पार मधोमध गेल्यावर एकदम आवाज बंद!

धक्क्यावरचे सगळे पाण्याच्या कडेला सरकले. चाचांचे ओठ हलत होते. माझ्या डोळ्यांपुढे त्या घासलेल्या रिंगा. ओहोटी लागली होती, होडी वाहत चाललेली दिसत होती.

तेवढ्यात, टुक... टुक-टुक-टुक!

होडी धक्क्याला लागली तेव्हा चाचा जवळजवळ ओरडले, "काय बिघडलं होतं?"

"काय नाय. मीच बंद केलेलं. मधेच बंद पडलं तर मला एकटीला चालू करता येतंय का, ते बघितलं."

"आणि झालं नसतं तर?"

"तर तुमाला हाक मारली असती!"

"अहो, मला पोहता येत नाही!"

हिराताईने दोर खुंट्याला बांधला आणि चाचांकडे नीट पाहिलं.

"मंग शिकून घ्या, चाचा. इंजान जुनं हाय!"