काळ्या मातीत जॅक

धाकटा गेला तेव्हापासून काळीपिवळी दारातच उभी होती. जाफराबादहून आसपासच्या खेड्यांत सवाऱ्या नेणारी ही जीप माझा धाकटा भाऊ चालवायचा. पावसाळा सरता सरता एका कच्च्या रस्त्यावर चाक पंक्चर होऊन बसलं, त्यानं जॅक लावला, जॅक काळ्या मातीत एका अंगाला कलला. तो सरळ करायला हा खाली शिरला आणि जीप त्याच्या छातीवर आली. कुणी विचारलं की मी एवढंच सांगायचो, बाजारभाव सांगावा तसं. मला रडू आलं न्हाई. दहाव्याला न्हाई, तेराव्याला न्हाई. लई धीराचा माणूस म्हणून गावात माझं नाव झालं. धीर कसला डोंबलाचा, आत काही हलतच नव्हतं.

थंडी पडायला लागली तशी भावजय म्हणाली, जीप एक तर विका, न्हाईतर चालवा, दारात बघवत न्हाई. जीप गेली असती तर दोन घरांच्या चुली माझ्या एकट्याच्या रानावर आल्या असत्या. मी म्हणलं, चालवतो. लायसन होतं, हात बसलेला होता. पण एक गोष्ट कुणाला बोललो न्हाई. या रस्त्यांवर चाक आज ना उद्या बसतंच, आणि बसलं की जीपखाली हात घालावा लागतो. माझा हात जात नव्हता. दारात उभ्या जीपखाली माझी चप्पल गेल्ती, ती मी काठीनं ओढून काढली. हात न्हाई घातला तर जीप कशी चालवणार, आणि न्हाई चालवली तर खायचं काय, हे कोडं घेऊन मी बसलो होतो.

भावजयीनं ती काठी बघितली असावी. म्हणाली, "दादा, पहिलं नवा जॅक घेऊ. मी येते संगं."

एसटीनं नव्या जालन्यात गेलो. दुकानदाराचा पहिला सवाल, किती टनाचा पाहिजे? जो तो टनच विचारतो. धाकट्याचा जॅक टनाला बराबर होता, जीपपेक्षा जास्तच वजन उचलायचा. मी तसं सांगितलं. कुठं लावायचा तेही सांगितलं: गाडीवाटेवर, काळ्या मातीत, जी वरून वाळून कडक दिसते अन् खाली नुसता लोण्याचा गोळा असते. मंग झालेलं सगळंही सांगून टाकलं, त्याच बाजारभावाच्या सुरात. दुकानदारानं हातातला चहा खाली ठेवला.

त्यानं एकेक जॅक काढून दाखवला. कात्रीसारखा मिटणारा हलका होता, पण त्याचं बूड वीतभर, डांबरी रस्त्यापुरता ठीक. उंच दांड्याचा रुतलेली गाडी हातभर वर काढतो, पण उभा राहतो एका पायावर, धक्का लागला की डुलतो, अन् दांडा हातातून सुटला तर जबडाच फोडील. सायलेन्सरच्या धुरानं फुगणारी एक रबरी पिशवीही होती. चिखलात एकदम भारी, तो म्हणाला. मी म्हणलं, आमच्याकडं कापसाच्या पऱ्हाटीचे खुंट आहेत, बाभळीचे काटे आहेत, तिथं तुमची पिशवी किती दम धरील? त्यानं पिशवी घडी करून परत ठेवली.

भावजय तोवर बाकड्यावर पदर आवळून बसली होती. तिनं विचारलं, "यातला कोणता खाली बसत न्हाई?"

"ताई, जॅक बसत न्हाई," दुकानदार म्हणाला. "जमीन बसते."

शेवटी रुंद बुडाचा बाटली जॅक घेतला, चाक पार बसलं तरी एक्सलखाली जाईल असा ठेंगणा. संगं लोखंडी घोडी घेतली, गॅरेजवाले उचललेली गाडी जिच्यावर टेकवतात ती. जॅकनं नुसतं उचलायचं, पेलायचं घोडीनं. दोन्हींच्या खाली टाकायला बाभळीच्या जाड फळ्या मी मागनं गावच्या सुताराकडून करून घेतल्या. दुकानदार बारकाईनं सांगत राह्यला, चाकांना दगड लावा, नट गाडी खाली असतानाच ढिले करा. आणि गाडी रिकामी पाहिजे, सवाऱ्या खाली. तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं न्हाई.

कारण आमच्याकडं पंक्चर झालं तरी सवारी उतरत न्हाई. उतरली की जागा गेली. रुमाल टाका, पिशवी ठेवा, मागं लटकलेला माणूस येऊन बसतोच, मंग पुढचा सगळा रस्ता तुम्ही टपावर. म्हणून लोक बसूनच राहतात अन् ड्रायव्हर त्यांच्यासकट जीप उचलतो. धाकटा तर कुणाला उतरा म्हणणारातला नव्हताच. राहू द्या मावशी, बसा तुम्ही, म्हणायचा. म्हणून तर सवाऱ्या दुसऱ्या जीपा सोडून त्याच्यासाठी थांबायच्या. त्या दिवशीही सगळे आतच होते. कुणीतरी जागेवर सरकलं, एवढं कानावर आल्तं. कोण, ते मी विचारलं न्हाई. विचारून करणार काय होतो?

जीप सुरू केली. काही दिवस चाकांनी इज्जत राखली. मंग एका बाजाराच्या दिवशी, माणसं ठेचून भरलेली, भावजय बँकेच्या कामाला म्हणून पुढं बसलेली, अन् मागचं चाक बसलं. मी दगड लावले, नट ढिले केले, फळी टाकली. मंग म्हणलं, उतरा. कुणी हललं न्हाई. एक जण आतूनच म्हणाला, मागचा ड्रायव्हर तर आम्हाला कधी उतरवत नव्हता. मी तापट माणूस, एरवी त्याची सात पिढ्यांची विचारपूस केली असती. पण आता हातात पाना घेऊन नुसता उभा.

भावजय उतरली. मागच्या दाराशी गेली. आवाज चढवला न्हाई. "मागचा ड्रायव्हर माझा नवरा होता. तुम्ही बसून राह्यले म्हणून तो गेला. उतरा."

सगळे उतरले, बांधावर जाऊन उभे राह्यले. मी जॅक लावून जीप उचलली. आता घोडी आत सरकवायची होती. जीप जॅकवर उभी, आणि मी गुडघ्यावर. फळी मातीत बसली न्हाई, जॅक कलला न्हाई. मी हात आत घातला, घोडी लावली, हात बाहेर काढला. बरं वाटेल असं वाटलं होतं. तसलं काही झालं न्हाई.

चाक बदललं, लोक परत चढायला लागले. एक म्हातारी बांधावरच थांबली. भावजय तिला बोलवायला गेली, तर म्हणाली, "त्या दिवशी बी मी मधल्या सीटवर व्हते. पाय अवघडला म्हून सरकले, माय."

"माहीत हाय मला," भावजय म्हणाली. "चला, बसा." आणि तिला धरून आणून स्वतःच्या शेजारी पुढं बसवलं.

मी जीप काढली. थोडं पुढं गेलो अन् मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, तर तो राग. म्हातारीचा न्हाई, धाकट्याचा. अरे येड्या, उतरा म्हणायला काय जड झालं होतं रे तुला? एका शब्दाचं काम होतं. लोकांना वाईट दिसू नये म्हणून छातीवर जीप घेतलीस व्हय रे? समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मी जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. रडण्याचा आवाज माझाच होता, हे कळायला मला वेळ लागला.

मागचं दार वाजलं. कुणी न सांगता एकेक करून सगळे खाली उतरले.