ज्या शेडमध्ये मी पाऊल टाकलं नाही

इचलकरंजीत माझा निभाव लागला तो अव्वामुळं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बाकीचं सांगता सांगता तिचं राहून जाईल. अव्वा माझ्या नात्यातली नाही. कर्नाटकाच्या सीमेकडच्या लिंगायत घरातली, यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणारी म्हातारी बाई. तिकडं आईला अव्वा म्हणतात, म्हणून सगळेच तिला अव्वा म्हणायचे, कारखान्याचे मालकसुद्धा.

मी लातूरकडची. भूकंप झाला तेव्हा सातवीत होते. त्याच्या आधी कितीतरी दिवस आमच्या गावात जमीन अधूनमधून गुरगुरायची, फडताळातली भांडी वाजायची. माणसं घाबरून बाहेर येऊन बसायची. मग कोणीतरी मोठं माणूस म्हणायचं, "काही होत नाही, चला आत." आणि सगळे आत जायचे. शेवटच्या वेळीही असेच आत गेलो. मी आणि भाऊ ढिगाऱ्यातून निघालो, आई नाही निघाली. पुढं शाळा पत्र्याखाली सुरू झाली, पण मी गेले नाही. घरात भाकरी थापायला दुसरं कोणी नव्हतं.

पाच-सहा वर्षांनी लग्न झालं ते इचलकरंजीत माग चालवणाऱ्या मुलाशी. कारखान्याच्या आवारातच मालकांनी यांना खोली दिली होती. खोली पत्र्याची आहे, एवढं मी विचारून घेतलं होतं. बाकी मुलाचं काहीच विचारलं नव्हतं.

मागाची शेड मात्र जुनी, दगडमातीची. वर कौलं. मी तिथं कांड्या भरायला जायचं असं आधीच ठरलेलं होतं. मागावर इकडून तिकडं धावतो त्या धोट्यात सुतानं भरलेली नळी बसवतात, ती कांडी. हे काम बायकाच करायच्या. पहिल्या दिवशी मी उंबऱ्यावर एक पाय ठेवला, तर खालची फरशी थरथरत होती. माग चालू असले की जमीन हादरतेच. तिथल्या माणसांना ते कळतसुद्धा नाही. मला कळलं. तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढलं. मी पाय मागं घेतला.

"काही होत नाही गं," हे म्हणाले.

मालक दारात आले. "पावणं, बापाच्या वक्ताची भिंत हाय ही. बायकोला सांगा की, काय हुईत न्हाय."

ते जितकं तसं म्हणत होते, तितकी मी उंबऱ्यापासून मागं सरकत होते. आतली एक कांडीवाली पदरानं घाम पुसत बाहेर आली आणि मला खालवर बघून म्हणाली, "आमाला काय मरायची हौस हाय व्हय? आमी न्हाय बसत आत?" तिचं काही चुकत नव्हतं.

मग मालकांनी यांना बाजूला घेतलं. खोली दोघांनी काम करायच्या बोलीवर दिलेली आहे, बायको येणार नसेल तर खोली सोडा. एवढंच म्हणाले, तेही शांतपणे. खोली सोडून जायचं कुठं? भावाच्या घरात त्याचीच माणसं मावत नव्हती.

मी पायरीवर बसून राहिले. तेव्हा अव्वा आली, शेजारी टेकली आणि चंची उघडून पान लावत म्हणाली, "काय झालतं गं तुमच्याकडं?"

इतक्या जणांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती लावलेलं पान हातातच धरून ऐकत होती. मग उठून भिंतीपाशी गेली आणि दोन दगडांमधल्या सांदीत अंगठा घातला. भुरुभुरू माती गळली. परत येऊन म्हणाली, "माती सुटलीया बघ. पडंल का ऱ्हाईल, मला काय ठावं? तू येऊ नगंस आत."

"आणि तुम्ही, अव्वा?"

"माजी सवय झालीया. सवय झाली म्हंजी भित पक्की झाली असं न्हवं की."

तिथूनच तिनं मालकांना हाक मारली. "मालक, कांडीचं एक मशीन भाईर पत्र्याखाली काढा. पोर तितं बसंल."

"आनि भरल्याल्या कांड्या मागावर कोन न्हेनार?"

"मी न्हेतो." अव्वा 'नेतो, येतो' असंच बोलायची. तिकडच्या बायका तशाच बोलतात.

"तुजं गुडघं धड हाईत का?"

"माजं गुडघं मी बघतो. तुमास्नी कांड्या पायजेत का हिचं पाय पायजेत?"

मालक हसले. "अव्वा, तू वकील व्हायला पायजे हुतीस," म्हणाले, आणि माणसं बोलावून मशीन बाहेर काढलं.

पाच वर्षं मी तिथं बसले. अव्वा भरलेली पाटी आत न्यायची, रिकाम्या कांड्या बाहेर आणायची आणि मग आत जाऊन स्वतःचं काम करायची. पावसात सूत भिजू नये म्हणून तिनंच ताडपत्री बांधली. भाकरी खायला माझ्याजवळ यायची. 'आता सवय झाली असंल, चल की आत,' असं तिनं एकदाही म्हटलं नाही. भिंत पडली नाही, एक दगड हलला नाही. मालक मला चिडवायचे, "काय, पडली का न्हाय भित?" तर अव्वा आतून ओरडायची, "पडल्याव सांगून काय उपेग?"

आता आमची खोली वेगळी आहे, कांडीचं मशीनही घरचंच. अव्वा लेकीकडं राहते, सीमेपलीकडच्या खेड्यात. मागच्या महिन्यात भेटून आले. गुडघे पार गेलेत. लेक-जावई दिवसभर रानात, ही भिंतीला टेकून एकटीच बसलेली. "बरी हाय की," म्हणाली. उपकाराचं बोलायला गेले तर "येडी हाईस," म्हणून माझ्याच हातावर पान ठेवलं.

आमच्या एका खोलीत आज तिला आणता येत नाही. मोरी बाहेर आहे, तिला पायऱ्या उतरता यायच्या नाहीत. पण दुसरी खोली काढायची आहे, मोरी आत घेऊन. काढली की मी तिला घेऊन येणार, तिला पाहिजे तितके दिवस ठेवून घेणार, हाताला धरून उठवणार-बसवणार. तिला हे अजून सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.